शेंगदाणे भाजले त्या दिवशी

लक्ष्मणच्या गॅरेजला पाटी नव्हती. नवनगरच्या अलीकडे, हुबळी-धारवाड रस्त्यावरून आत वळलं की बोळाच्या तोंडाशी पत्र्याची एक शेड, गाडीखाली उतरायला खणलेला एक खड्डा, आणि आलेल्या माणसाला बसायला दोन जुने टायर. एवढ्यावर तीस वर्षं निघाली. कुणी पत्ता विचारला की कोपऱ्यावरचा पानवाला म्हणायचा, "मूगिन मेस्त्री? हिंगं होग्री, असं सरळ जा, पत्र्याची शेड." मूगु म्हणजे कानडीत नाक. नाकाचा मेस्त्री.

हे नाव कुणी चेष्टेनं पाडलं नव्हतं, निदान सुरुवातीला तरी नाही. जुन्या ऑटोमॅटिक गाडीच्या गिअरबॉक्समध्ये तांबडं ऑइल असतं. ते जुनं झालं की काढायचं, खालचा चेंबर खोलून आतला फिल्टर बदलायचा, नवं ऑइल भरायचं, एवढं काम हात चालणारा कुणीही करील. पण ऑइल आतल्या आत एकदा जळलं असलं, क्लचप्लेटी झिजून त्यांची पूड त्यात मिसळली असली, तर मग त्याला हात लावायचा नसतो. त्या पुडीच्याच आधारानं झिजलेल्या प्लेटी एकमेकींना धरून असतात. स्वच्छ ऑइल घातलं की त्या घसरतात, आणि काल चालत असलेली गाडी पंधरा दिवसांत रस्त्यात बसते. कुठल्या गाडीचं ऑइल बदलायचं आणि कुठल्या गाडीचं नाही, हे दर वेळी रंगावरून कळत नाही. लक्ष्मणला वासावरून कळायचं.

गाडी आली की तो आधी तिला उणकलपर्यंत फिरवून तापवून आणायचा. मग इंजिन चालू ठेवूनच गिअरबॉक्समधली ऑइल मोजायची पट्टी ओढायची, पांढऱ्या धोतराच्या तुकड्यावर एक थेंब टिपायचा, आणि डोळे मिटून तो तुकडा नाकाशी न्यायचा. गाडीचा मालक श्वास रोखून उभा. लक्ष्मणचे निकाल तीनच. "बदलूया." "राहू दे." आणि अगदी वाईट असलं तर, "देवाचं नाव घ्या." लोक जुनी गाडी विकत घ्यायच्या आधी त्याला वास घ्यायला न्यायचे. मळमड्डीतले निवृत्त मास्तर, कोर्टातले वकील, कुणी कुणी. तो होय म्हणाला तर घ्यायची, नाही म्हणाला तर समोरच्याला नमस्कार करून परत यायचं.

सविताला लग्न झालं तेव्हापासून या नाकाचा थोडा धाक होता. अळणावर गावच्या लाकूड वखारीत लक्ष्मणचा बाप हमाली करायचा, आणि हा लहानपणी डोळे झाकून सागवान कुठलं, नंदीचं लाकूड कुठलं ते सांगायचा म्हणे. नवीन होती तेव्हा तिनं कालचं ताक कढीत घातलं, तर उंबऱ्यातूनच म्हणाला, "आजचं ताक संपलं काय?" ती त्या दिवशी लाजेनं जेवली नव्हती. पुढे त्याचंच हसू यायचं.

मग ते आजारपणाचं वर्ष आलं. दोघंही पडली. सविताचं नाक बसलं होतं ते पंधरा दिवसांनी सुटलं. एके सकाळी तिला कढीपत्त्याचा वास आला आणि ती गॅसपुढे उभी राहून रडली. लक्ष्मणही बरा झाला, गॅरेजला जाऊ लागला. महिन्याभरानं ती दळण आणायला गेली होती. परत आली तर घरभर धूर. गॅसवर दूध करपून पातेलं काळं झालेलं, आणि लक्ष्मण तिथंच, चार हातांवर, पेपर वाचत बसलेला.

"अहो! दूध!"

त्यानं वर पाहिलं. आधी धुराकडे, मग तिच्याकडे.

"कवापासून?" तिनं गॅस बंद करत विचारलं.

"येईल गं. तुझं आलं तसं येईल."

"कवापासून म्हणते मी."

"गेल्यापास्नं आलंच नाही."

डॉक्टर म्हणाले, येईलही, नाहीही येणार. वाट बघा. त्या वर्षी मुलीच्या, ज्योतीच्या लग्नाचं बघायला सुरुवात झाली होती. ती पदवीला बसलेली, बेळगावचं एक स्थळ जवळजवळ ठरत आलेलं. बापाचा धंदा बसला हे कळलं तर तिथले लोक काय म्हणतील, या विचारानं सविताला झोप लागेना. तीच म्हणाली, "कुणाला बोलू नका."

"आणि गाड्या? गाड्यांचं काय सांगू? रंग बघून सांगू?"

"मला आणून द्या."

"काय?"

"ते फडकं. मला आणून द्या. माझं नाक चांगलं हाय की."

तो हसला. पण दुसऱ्या दिवशी दुपारी जेवायला आला तेव्हा खिशात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला एक तुकडा होता. त्यानं तिला शिकवलं. चांगल्या ऑइलला हलका, किंचित गोडसर वास असतो, रॉकेलच्या लांबच्या नातेवाइकासारखा. जळलेल्याला वेगळा. ती म्हणाली, "तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा काय?" तो म्हणाला, "तसाच." अजून जळलेलं आणून दिलं तेव्हा म्हणाली, "हा करपलेल्या शेंगदाण्यांचा." लक्ष्मण चकित झाला. इतक्या वर्षांत त्याला त्या वासाला नाव सापडलं नव्हतं.

तेव्हापासून लक्ष्मण पूर्वीसारखंच डोळे मिटून फडकं नाकाशी न्यायचा, पण गिऱ्हाइकांना "उद्या सांगतो" म्हणू लागला. लोकांना वाटलं, वय झालं तसा मेस्त्री जास्त विचार करून बोलतोय. त्याचा मान वाढलाच. पिशवीवर गाडीचा नंबर लिहिलेला असायचा. जेवणं झाली की सविता हात धुऊन मागच्या पायरीवर बसायची, एकेक पिशवी उघडायची. "बरं हाय." "हे जळकं." "हे थोडं, पण फार नाही." तो वहीत टिपून घ्यायचा. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती, आणि तिच्या तोंडाकडे तो इतक्या लक्षानं कधी पाहत बसला नव्हता. ज्योतीचं लग्न झालं, ती बेळगावला गेली, घर रिकामं झालं. आता सांगून टाकलं असतं तरी चाललं असतं. पण त्या पायरीवरच्या दुपारी दोघांच्याही अंगवळणी पडल्या होत्या. चार वर्षं अशी गेली, आणि एकही निकाल चुकला नाही.

हेमावतीबाई मळमड्डीच्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, खणखणीत आवाजाच्या. त्यांची मुलगी स्मृती हुबळीला कॉलेजात शिकवायची. दोन वर्षांपूर्वी स्कूटरवरून पडली तेव्हापासून तिच्या डाव्या पायात जोर नव्हता. काठी घेऊन चालायची, पण क्लच दाबणं जमण्यासारखं नव्हतं. रोज कुणीतरी सोडायला हवं, कुणीतरी आणायला हवं. नवी ऑटोमॅटिक परवडणारी नव्हती. एक पंधरा वर्षांची पांढरी गाडी विकायला निघाली होती.

"मेस्त्री, तुम्ही वास घेऊन सांगा," हेमावतीबाई म्हणाल्या. "तुम्ही हो म्हणालात तर घेते. तिला एकटीला जाता-येता आलं पाहिजे हो. पस्तिशीची मुलगी, रोज रिक्षावाल्याच्या तोंडाकडे बघते."

तो मार्चचा महिना होता. सविता शेंगाचटणी करून द्यायची, घरगुती. त्या आठवड्यात धारवाडात एका लग्नाची मोठी मागणी आली होती, सुभाष रोडवरच्या दुकानातून. सकाळपासून ती शेंगदाणे भाजत होती. घरात, केसांत, पदरात तोच वास. एक घाणा थोडा जास्त लागला होता. तो बाजूला काढून ती दुसरा टाकत होती, तेवढ्यात लक्ष्मण अवेळी दारात.

"आत्ताच सांगायला पाहिजे. त्या गाडीला दुसरं गिऱ्हाईक आलंय. बाई फोनवर थांबल्यात."

"आत्ता? माझे हात बघा."

"एकदा वास घे की."

तिनं पदराला हात पुसले, पिशवी उघडली. फडक्यावरचा डाग छान तांबडा होता. नाकाशी नेला. शेंगदाणे. जरासे लागलेले शेंगदाणे. ती मागच्या दारी गेली, दोन श्वास मोकळे घेतले, पुन्हा हुंगलं. तोच वास. कढईचा का फडक्याचा, तिला कळेना. नाकात सकाळपासून तेच भरलेलं. संध्याकाळी या म्हणावं असं वाटलं. पण आत कढईतून धूर निघायला लागला होता, आणि लक्ष्मण दाराला टेकून तिच्याकडे पाहत होता. चार वर्षं ज्या विश्वासानं पाहायचा, तसाच.

"बरं हाय," सविता म्हणाली, आणि कढई उतरवायला आत धावली.

गाडी घेतली. पहिलं काम म्हणून लक्ष्मणनं ऑइल आणि फिल्टर बदललं. त्या दिवशी जेवताना तो घास हातात धरून थांबला.

"चेंबर खोलला तर आत चकचकीत. तळातल्या लोहचुंबकावर झिजेचा एक कण नाही. पंधरा वर्षांची गाडी, आणि धुऊन ठेवल्यासारखी."

"मग?"

"विकणाऱ्यानं खोलून धुतलं असेल काय, असं आलं मनात. वरून नवं तांबडं ऑइल ओतून द्यायचं. चेंबरातनं निम्मंच निघतं ना, निम्मं जुनं पोटातच राहतं. वासाला लगेच सापडलं असतं." मग त्यानं घास तोंडात घातला. "पण तू बरं म्हणालीस. मग मी सोडून दिलं."

सवितानं त्याला आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेल्यावर तिनं फडक्याची ती पिशवी, खिडकीत तशीच राहिलेली, उघडली. घर झाडून पुसून स्वच्छ, चटणी डबे भरून गेलेली. फडकं नाकाशी नेण्याची गरजच पडली नाही. पिशवीचं तोंड सुटताच तिला तो आला, जुना, कडवट, आतपर्यंत करपलेला.

संध्याकाळी सांगायचं, असं तिनं ठरवलं. संध्याकाळी लक्ष्मण हसत आला. हेमावतीबाईंनी पेढे दिले होते. स्मृती पहिल्यांदा एकटी हुबळीला जाऊन आली होती. "बाई रडल्या गं," तो म्हणाला. सवितानं पेढा हातात घेतला. गाडी तर घेऊन झालीये, ऑइल बदलून झालंय, आता सांगून काय होणार, असं तिनं स्वतःला समजावलं. एखाद्या वेळी चालेलही. काही गाड्या चालतात. मग रोज सकाळी साडेनऊला, स्मृतीच्या जाण्याच्या वेळेला, तिचं लक्ष आपोआप घड्याळाकडे जायचं.

बाविसाव्या दिवशी गाडी उणकलच्या चढावर थांबली. स्मृतीनं पाय दाबला तसं इंजिन ओरडलं, पण गाडी पुढे जाईना. उलट इंचभर मागे सरकली. मागे बस, बसच्या मागे लॉरी. सगळे हॉर्न वाजवत होते. कुणीतरी येऊन काचेवर थाप मारली, "गाडी चालवायला येत नाही तर घेता कशाला?" उतरून ढकलणं तिला शक्य नव्हतं. गिअरवर किंवा हँडब्रेकवर भरवसा बसेना, म्हणून उन्हात पाऊण तास ती ब्रेकवर पाय दाबून बसून राहिली. कुणीतरी चाकाला दगड लावले तेव्हा कुठे तिनं पाय उचलला, आणि तो चांगला पाय कापत होता.

लक्ष्मणनं गाडी ओढून आणली, गिअरबॉक्स उतरवला. प्लेटींवर काही उरलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी धुतलेला शर्ट घालून म्हणाला, "मळमड्डीला जाऊन येतो."

"मी पण येते," सविता म्हणाली.

हेमावतीबाईंनी दोघांना आत घेतलं. स्मृती खुर्चीत बसली होती, काठी हाताशी. लक्ष्मण बसलाच नाही.

"बाई, माझं चुकलं. वास घेण्यात चुकलो मी. दुसरा गिअरबॉक्स कुठं मिळतो का बघतो. मजुरी नको मला. पण जुन्या गाडीचा मिळणं कठीण आहे. खोटं सांगत नाही."

हेमावतीबाई म्हणाल्या, "तीस वर्षांत एकदा चुकलात. माणूसच आहात तुम्ही. माझेही विद्यार्थी मी चुकून नापास केलेत, मेस्त्री. बसा. स्मृती, चहा टाकायला सांग."

लक्ष्मणनं मान खाली घातली. त्याचा खांदा जरासा सैल झालेला सविताला दिसला. तिथंच तिनं गप्प बसायला हवं होतं. चहा प्यायचा होता, नमस्कार करून निघायचं होतं. पण त्यानं तिची चूक अशी अंगावर घेऊन उभं राहावं, हे तिला सोसेना.

"त्यांची चूक नाही, बाई. वास मी घेतला होता."

"म्हणजे?"

"सविता," लक्ष्मण हलकेच म्हणाला.

पण तिला आता थांबता येईना. आजारपण, दूध, फडकी, पिशव्या, चटणीचा दिवस, सगळं. दुसऱ्या सकाळी कळलं होतं, तेसुद्धा. बोलता बोलता ती रडायला लागली. "त्यांना शिक्षा नको हो. मी म्हणाले बरं हाय. मी म्हणाले."

स्मृतीनं आईकडे पाहिलं. हेमावतीबाईंचा चेहरा ओढला गेला होता.

"चार वर्षं?" त्या म्हणाल्या. "चार वर्षं यांना वासच येत नव्हता? आणि ते डोळे मिटून फडकं नाकाशी न्यायचं, ते काय होतं मग, मेस्त्री? आमच्यासाठी नाटक?"

लक्ष्मणनं हात जोडले.

"मळमड्डीतल्या निम्म्या गाड्या मी पाठवल्या हो तुमच्याकडे. डोळे झाकून जा म्हणून सांगितलं लोकांना."

"त्या सगळ्या बरोबर निघाल्या, बाई," सविता म्हणाली.

"निघाल्या." हेमावतीबाई उठल्या. "एकदा चुकलात, त्याचं मला काही वाटलं नव्हतं. तुम्ही जा आता."

परत येताना लक्ष्मणनं स्कूटर नवनगरच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला थांबवली. पुढे बघतच त्यानं विचारलं, "दुसऱ्या दिवशी कळलं होतं तुला?"

"होय."

"मला का नाही सांगितलंस?"

"भ्याले."

"सांगितलं असतंस तर त्याच दिवशी पोरीला फोन केला असता. चढावर नेऊ नका म्हणालो असतो. विकणाऱ्याच्या दारात जाऊन बसलो असतो." त्याचा आवाज चढला नव्हता. "आणि तिथं, बाईंनी मला बसा म्हटलं होतं, सविता."

एवढंच. मग त्यानं स्कूटर चालू केली.

गोष्ट पसरायला आठवडाही लागला नाही. मळमड्डीतून कुणी येईना. पानवाला मोठ्यानं म्हणाला, "मेस्त्री, वैनींनाच बसवा की खड्ड्याजवळ, टेबल-खुर्ची देऊन," आणि टायरवर बसलेले दोघं-तिघं हसले. लक्ष्मण ब्रेक आणि सायलेन्सरची कामं घेऊ लागला. येणाऱ्या प्रत्येकाला, विचारो न विचारो, आधीच सांगायचा, "मला वास येत नाही बरं का." ते ऐकून माणसं अवघडून जायची. घरी तो पूर्वीसारखाच होता. वाढलेलं जेवायचा, ज्योतीचा फोन आला की बोलायचा. दुपारी मात्र जेवण झालं की लगेच उठायचा. मागच्या पायरीवर सविता एकटीच भांडी घासायची.

स्मृती पुन्हा रिक्षानं जाऊ लागल्याचं तिला चटणीच्या दुकानात कळलं. पांढरी गाडी भंगारात गेली. सवितानं ते घरी सांगितलं नाही. मग आठवलं की न सांगण्यानंच एवढं झालं होतं, आणि हात धुऊन येत तिनं सांगितलं. लक्ष्मण "हं" म्हणाला.

पावसाळा संपता संपता एकदा ती डबा घेऊन गॅरेजला गेली, तर शेडपुढे एक जुनी चॉकलेटी ऑटोमॅटिक उभी. मालक योगेश, कलघटगीकडचा, दोन-तीन गाड्या भाड्यानं चालवणारा. इंजिन चालूच होतं, बॉनेट उघडं.

"मला सगळं माहीत हाय, मेस्त्री," योगेश म्हणत होता. "तुमाला वास येत नाही, वैनी बघतात. बघू दे की! मला काय, वास कळला म्हणजे झालं. माणूस कुठला का असेना. ह्या बघा, आल्याच वैनी. या या, अक्का, हे जरा बघून सांगा."

पट्टी त्याच्याच हातात होती, तिच्या टोकाला तांबडा थेंब. सविता तीन पावलांवर उभी होती. तापलेल्या गाडीचा वास तिच्यापर्यंत आला होता, हलका, गोडसर, कुठेही न करपलेला. तिनं लक्ष्मणकडे पाहिलं. तो बॉनेटवर दोन्ही हात ठेवून आत बघत होता.

"ती आता बघत नाही," लक्ष्मण म्हणाला.

"अहो, पण..."

"नाही बघत ती."

योगेशनं तिच्याकडे वळून पाहिलं. तिच्या ओठांवर शब्द आला होता, एकच शब्द, आणि तो बरोबर होता.

"होय," सविता म्हणाली. "मी नाही बघत आता."

योगेशनं खांदे उडवले, पट्टी पुसून जागेवर घातली. धारवाडात कुणी आहे का, असं विचारलं. लक्ष्मणनं एका नव्या मेस्त्रीचं नाव आणि दुकानाची खूण नीट समजावून सांगितली. गाडी बोळातून मागे गेली आणि रस्त्याला लागली. सवितानं डबा टायरवर ठेवला. लक्ष्मण खड्ड्यात उतरला होता. वरून तिला त्याचे फक्त हात दिसत होते.